झाकण उघडं असताना आलेली प्रिंट

तुमच्या ऑफिसात झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन असं सगळं करणारं जे मोठं मशीन आहे, ते आत्ता बंद आहे असं तुम्ही शपथेवर सांगाल का?

स्क्रीन काळी आहे, आवाज येत नाही, दिवा लागलेला नाही. म्हणून तुम्ही 'हो, बंद आहे' म्हणाल. पण ते बंद नाही, झोपलेलं आहे. मागच्या बाजूला नेटवर्कची जी निळी केबल खोचलेली असते तिच्यातून त्याचा कान उघडा असतो. तीन खोल्या पलीकडे कुणी प्रिंटचं बटण दाबलं, की ते काही सेकंदांत उठतं आणि त्याच्या आतल्या मोटरी फिरायला लागतात. बटण दाबणाऱ्याला मशीन दिसत नसतं. मशीनपाशी बसलेल्याला बटण दाबणारा दिसत नसतो. आमच्या धंद्यातला खरा धोका या दोघांच्या मधल्या भिंतीत आहे.

मी ही मशीनं अकरा वर्षं दुरुस्त करते आहे. नेरळपासून कर्जत, चौक, खालापूर आणि खोपोलीपर्यंत माझा भाग. स्कूटर, पाठीवर बॅग, बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, मीटर आणि मऊ कपड्याचे तुकडे. माझे बाबा कामगार संघटनेत होते. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. 'सुरक्षित काम हा उपकार नाही, हक्क आहे' हे वाक्य मी जोडाक्षरं नीट यायच्या आधी पाठ केलं होतं. हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. इतकं सगळं पाठ असलेल्या माणसाने पुढे काय केलं, ते कळावं म्हणून सांगते.

आधी कामाची थोडी ओळख करून देते. कागद मशीनमध्ये शिरतो, त्यावर टोनरची, म्हणजे काळ्या पावडरीची, अक्षरं बसतात. मग तो दोन रुळांमधून जातो. त्यातला एक रूळ तव्यासारखा तापलेला असतो. तिथे पावडर वितळून कागदाला चिकटते. प्रिंट हाताला गरम लागते ती यामुळे. त्या रुळांना फिरवायला कडेला दातेरी चाकं असतात. दिसायला खेळण्यातली वाटतात, पण त्यांच्यामागची मोटर खेळण्यातली नसते.

या कामात काय काय सांभाळायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. गिऱ्हाइकाला मात्र कुणीच शिकवत नाही. नेरळला एक दुकानदार होते. त्यांच्या भिंतीवर दोन भोकांचं जुनं सॉकेट होतं, म्हणून त्यांनी मशीनच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची जाड पिन सरळ पक्कडीने मोडून टाकली होती. मी मशीनला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काका, करंट येतोय."

"करंट नाही गं, मुंग्या येतात जरा. पावसाळ्यात जास्त. आम्हाला सवय झाली आता."

मशीनला सवय होत नाही आणि विजेला तर नाहीच, हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. नवीन सॉकेट बसेपर्यंत मी मशीनला हात लावणार नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "पहिला मुलगा येत होता तो एवढं कटकट करत नव्हता." पहिल्या मुलाच्या बोटांनाही मुंग्या येत असणार. त्याने सांगितलं नसेल, एवढंच.

खालापूरला एका ऑफिसात मशीनची जुनी हार्ड डिस्क काढून मी नवी बसवली. पुढच्या खेपेला गेले तर ती जुनी डिस्क टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवलेली. स्कॅन झालेल्या कित्येक कागदांची नक्कल त्या डिस्कवर राहते, हे तिथल्या कारकुनांना माहीतच नव्हतं. किती जणांचे आधार, उतारे, दाखले त्या वजनात होते कोण जाणे. त्या दिवसापासून जुनी डिस्क मी गिऱ्हाइकासमोर भोक पाडून निकामी करते आणि त्याची सही घेते. लोक हसतात. हसू देत.

आता चोरचावीबद्दल सांगते.

मशीनच्या प्रत्येक झाकणाच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. झाकण लावलं की ती एका फटीत शिरते आणि आतला स्विच दाबते. झाकण उघडलं की स्विच सुटतो, मोटरीचा पुरवठा तुटतो आणि स्क्रीनवर येतं, 'झाकण उघडं आहे'. मग कुणी शंभर प्रिंटा पाठवल्या तरी मशीन हलत नाही. त्या रांगेत थांबून राहतात. माणसाचा हात वाचावा म्हणूनच ही सोय केलेली आहे.

पण मेकॅनिकला कधी कधी झाकण उघडं ठेवूनच मशीन फिरताना बघायचं असतं. कागद नक्की कुठे चुरगळतो, ते झाकण लावल्यावर दिसत नाही. मग त्या फटीत जिभेसारखाच दुसरा तुकडा खुपसायचा. मशीनला वाटतं झाकण बंद आहे. या तुकड्याला आमच्याकडे चोरचावी म्हणतात. मशीन कंपनीच्या वतीने दुरुस्ती करणाऱ्या आमच्या एजन्सीचे शेठ स्वतः जुने मेकॅनिक. कंगव्याची मूठ कानसेने घासून ते सुरेख चोरचाव्या करत आणि नव्या माणसाला दसऱ्याला देत. दसऱ्याच्या हत्यारपूजेला कर्जतच्या ऑफिसात ताटात स्क्रू ड्रायव्हर, मीटर आणि त्यांच्या पुढे ओळीने चोरचाव्या. त्यांना हळद, कुंकू, झेंडूचं फूल. माझी चोरचावी हिरव्या कंगव्याची होती. सगळ्यांत नेमकी बसायची, म्हणून मला तिचा अभिमान होता.

आता साजगावचा दिवस.

तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून दोन तक्रारी आल्या होत्या. एक, मशीनमध्ये कागद चुरगळतो. दोन, डिस्पॅचच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून प्रिंटच येत नाही. म्हणून आम्ही दोघं गेलो, मी आणि हिरामण. हिरामण कर्जतच्या वरच्या ठाकरवाडीतला. आयटीआय करून आलेला, माझ्याहून दोन वर्षं जुना. हात इतका हलका, की घड्याळातल्याइतके बारीक स्क्रू तो नुसत्या बोटांनी बसवायचा. मशीनची तक्रार त्याने घेतली, कॉम्प्युटरची मी.

ऑफिसचं बघणारे सावंत दारातच उभे होते. "मॅडम, गेटवर चार गाड्या थांबल्यात. गेटपास निघत नाही. दहा मिनिटांत होईल ना?"

"धा मिन्टात तर मशीन थंड बी व्हत नाय साहेब," हिरामण म्हणाला.

"मग पंधरा."

हिरामण हसला. "बाजारात भाव करताय जनू."

मशीनचा प्लग शोधला तर तो लोखंडी कपाटाच्या मागे, आणि एक्स्टेन्शनच्या ज्या पट्टीवर तो होता तिच्यावरच ऑफिसच्या सगळ्या नेटवर्कचा डबा. प्लग काढायचा तर कपाट सरकवायचं, आणि चुकून पट्टी हलली तर अख्ख्या ऑफिसचं काम थांबायचं. सावंत म्हणाले, "तेवढं नका करू." आम्ही नाही केलं. इथे 'आम्ही' असंच लिहिते, कारण आम्ही दोघंही काही बोललो नाही.

"ज्योती, तुजी चावी दे गं. माजी मोडली काल," हिरामण म्हणाला.

मी बॅगेतून हिरवी चोरचावी काढून दिली आणि भिंतीपलीकडच्या डिस्पॅचच्या खोलीत गेले.

पुढचं मला नंतर हिरामणने सांगितलं. त्याने मागचं झाकण उघडलं, चोरचावी लावली, मशीनवरूनच दोन कागद फिरवून बघितले. खोट सापडली. बाहेर ढकलणाऱ्या रुळावर टोनरचा थर बसला होता. रूळ गरम, म्हणून तो वीस मिनिटं थांबला. हे नीट वाचा. सावंत दोनदा डोकावून गेले, तरी तो थांबला. तेवढ्यात मशीन झोपलं, स्क्रीन काळी झाली. मग त्याने कपडा घेतला, डाव्या हाताने दातेरी चाक हळूहळू फिरवायला लागला आणि उजव्या हाताने रूळ पुसायला लागला.

पलीकडे माझं काम झालं होतं. कॉम्प्युटर मशीनशी बोलायला लागला होता. खात्रीसाठी एक टेस्ट प्रिंट पाठवायची असते. माझ्या मनात आलं होतं, मी शपथेवर सांगते, की हिरामणचं झाकण उघडं असेल. पण त्याचा अर्थ मी असा लावला, की मग मशीन प्रिंट घेणारच नाही. 'झाकण उघडं आहे' म्हणेल आणि कागद रांगेत थांबेल. ज्या सोयीवर मी विसंबले, ती बंद करणारी चावी मीच अर्ध्या तासापूर्वी दिली होती. उठून दारापर्यंत जायला आठ पावलं होती. मी बसल्या जागी बटण दाबलं.

हिरामण ओरडला नाही. एकदाच "आये" म्हणाला, तेही हळू. मी धावत गेले तेव्हा मशीन थांबलेलं होतं आणि स्क्रीनवर चित्र आलं होतं. कागद अडकला आहे, मागचं झाकण उघडा.

कपाट मी आणि सावंतांनी मिळून सरकवलं. मघाशी जड वाटलेलं कपाट एका झटक्यात सरकलं. प्लग काढला, चाक उलटं फिरवून हात सोडवला. कारखान्याच्या गाडीतून खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक, पहिल्या पेरापर्यंतचं, गेलं. शेजारचं बोट टाके घालून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला कर्जतच्या ऑफिसात बोलावलं. अपघाताचा अर्ज त्यांनी भरून ठेवला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तंत्रज्ञाने मशीनची सुरक्षा सोय स्वतःहून बंद करून काम केले.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"वाच आणि सही कर," शेठ म्हणाले.

"शेठ, हे असं..."

"यात खोटं काय आहे? चावी लावली कोणी? त्यानेच ना?"

खोटं काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. कामगाराने सुरक्षेची सोय मुद्दाम काढली असं कागदावर आलं, की त्याची भरपाई अडते, आणि कंपनी त्याला पुन्हा मशीनला हात लावू देत नाही. हे मला बाबांच्या पत्रकांमुळे लहानपणापासून माहीत होतं. आणि त्या वाक्यात माझं नाव कुठेच नव्हतं, हेही मी एका नजरेत पाहिलं. मी सही केली.

तिथून दवाखान्यात गेले. हिरामणची बायको सुगंधा त्याला पेज भरवत होती. तिने मला स्टूल दिलं. हिरामणने सगळ्यांत आधी विचारलं.

"कुनी पाठवलान गं तो कागुद? सावंत बोलतो, त्यानं नाय पाठवला."

"मी पाठवला."

"तू?"

"टेस्ट प्रिंट. मला वाटलं, झाकण उघडं असेल तर मशीन घेणार नाही."

"आनि चावी तुजीच व्हती."

"हो."

मला रडू फुटलं. मग सुगंधाने वाटी खाली ठेवली. "रडू नको. रडून बोट येनार हाय का? मला येक सांग, शेठनं कागदावर काय लिवलाय?"

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पाठांतर चांगलं होतं ना.

"म्हंजी समदं मीच केलां," हिरामण म्हणाला.

सुगंधाने विचारलं, "आनि खाली सही कुनाची?"

मी मान खाली घातली. ती समजली. तिने शिवी दिली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या घरी लई वाचत्यात म्हनं. मंग तू वाचून सही केलीस."

मी कर्जतला परत गेले. शेठ जेवायला निघाले होते. म्हटलं, माझी सही परत द्या. ते म्हणाले, एकदा केलेली सही परत मिळत नसते. मग मी तिथेच टेबलावर बसून दुसरा कागद लिहिला. टेस्ट प्रिंट मी पाठवली. पाठवण्याआधी विचारलं नाही. चोरचावी माझी होती, हिरामणची आदल्या दिवशी मोडली होती. नेटवर्कची केबल आम्ही काढली नाही. प्लगपर्यंत हात पोचत नव्हता आणि गिऱ्हाइकाने घाई केली. एका माणसाला दिवसाला सात ठिकाणं दिली जातात, त्यामुळे झाकण उघडं ठेवूनच काम उरकायची पद्धत पडली आहे. आणि ही पद्धत एजन्सीच्या मान्यतेची आहे.

शेवटचं वाक्य वाचून शेठ भडकले. "कोणी मान्यता दिली? लेखी आहे का कुठे?"

मी फोन काढून गेल्या दसऱ्याचा फोटो दाखवला. तो त्यांनीच ग्रुपवर टाकला होता. ताट, फूल, आणि कुंकू लावलेल्या चोरचाव्यांची ओळ.

"तू पुढारी झालीस वाटतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील."

"तो माझ्या पायावर मी पाडून घेईन. हिरामणच्या हातावर आधीच पडलाय. शेठ, हा कागद तुमच्या अर्जाबरोबर गेला नाही, तर मी स्वतः कामगार कार्यालयात नेऊन देईन. फोटोसकट."

शेठ खुर्चीवर परत बसले. फोटो मोठा करून बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "ती डावीकडची पांढरी दिसतेय ना, ती मी हिरामणला पहिल्या वर्षी दिलेली. आदल्या दिवशी मोडली असं लिहिलंस ती हीच." मग त्यांनी स्वतःचा अर्ज ओढला, कारणाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'कामाच्या चुकीच्या पद्धतीमुळे अपघात. सोबत सहकाऱ्याचे निवेदन.' शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडूनही कधी तरी कुणी असंच काम करवून घेतलं असणार. पण त्या दिवशी मी गेले नसते, तर पहिलाच कागद गेला असता, हेही तितकंच खरं.

हिरामणची भरपाई मंजूर झाली आणि नोकरी राहिली. मला कंपनीकडून लेखी ताकीद आली, आणि तीन महिने मी बाहेर न जाता गोदामात टोनरचे डबे मोजत होते. ताकीद योग्यच होती. पुढच्या दसऱ्याला ताटात चोरचावी नव्हती. आमच्यातल्या दोघांच्या बॅगेत मात्र होती, ते मला माहीत आहे. सवय एका फोटोने जात नाही.

हिरामण कामावर आला. बारीक स्क्रू आता तो डाव्या हाताने बसवतो, आणि त्याला वेळ लागतो. तो माझ्याशी बोलतो, थट्टा करतो. पण आम्ही एकाच ठिकाणी कामाला गेलो, की मशीन उघडायच्या आधी तो ती निळी केबल काढून स्वतःच्या खिशात घालतो आणि माझ्याकडे बघतो. मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. खिशातली केबल हेच त्याचं उत्तर असावं आणि ते बरोबर आहे.

मी आता असं करते. आधी भिंतीवरचा प्लग काढते आणि माझ्या स्कूटरची किल्ली रबराने त्या प्लगला बांधते. कुणाला प्लग लावायचा असेल तर मला हाक मारावी लागते, आणि मी तशीच निघून जाऊ शकत नाही. मशीन चालू ठेवून बघायची वेळ आलीच, तर नेटवर्कची केबल काढते, वायफाय बंद करते, आणि हात आत असताना मशीन कधीच चालू ठेवत नाही. डोळ्यांनी बघायचं किंवा हाताने करायचं, दोन्ही एका वेळी नाही. यात दर ठिकाणी अर्धा तास जास्त जातो. दिवसाची सात ठिकाणं आता पाच झाली आहेत. शेठ कुरकुरतात, पण पाच लिहून घेतात.

गिऱ्हाइकं मात्र अजून तशीच आहेत. दारात उभं राहून विचारतात, 'किती वेळ?' मी त्यांना दोष देत नाही. त्यांना फक्त कागद दिसतो, आमचा हात दिसत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे आणि ती उद्याच करता येण्यासारखी आहे. ऑफिसात गेलात की त्या मशीनचा प्लग कुठे आहे तो शोधा. कपाटामागे असेल तर कपाट सरकवा. तीन पिना आहेत का, ते बघा. आणि मेकॅनिक आला, त्याने झाकण उघडलं, की 'किती वेळ लागेल' असं विचारू नका. उठा, प्रत्येक खोलीत जा आणि तोंडाने सांगा, "आत माणसाचा हात आहे. प्रिंट पाठवू नका." आठ पावलं लागतील. तेवढी चाला.